वारा कुणाकडे?

मी एक जुना टेबल फॅन आहे. पात्यांचा निळा रंग उडाला आहे, जाळी तारेने बांधली आहे, पण वारा अजून दणकून देतो. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही. गोडच ऐकायचं असेल तर आत्ताच उठा.

कारखान्यात माझ्या डोक्यामागे एक छोटी खुंटी बसवली. ती खाली दाबली की माझी मान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरते आणि खोलीतल्या सगळ्यांना वारा मिळतो. वर ओढली की मान जागच्या जागी थांबते. तपासणाऱ्या बाईने मला फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "झकास!" त्यानंतर कित्येक वर्षं ती खुंटी कुणी दाबली नाही.

मला विकत घेतलं चिंगीच्या बाबांनी. खुर्चीसमोर ठेवलं, खुंटी वर ओढली आणि पाय पसरले. चिंगी तेव्हा रांगत होती. तिची आई शेगडीपाशी घामाने निथळत होती.

एकदा तिने विचारलं, "जरा फिरता ठेवू का? पोरीला घामोळं आलंय."

"मी दिवसभर राबून येतो. तुला काय होतंय गं? सावलीत तर बसतेस!"

शेगडीपुढे सावली असते, हे मला त्या दिवशी कळलं!

पाहुणे माझं कौतुक करायचे, "काय वारा आहे!" माझी धूळ मात्र ती पुसायची, जिच्या वाट्याला झुळूकही येत नव्हती. आतलं वंगण सुकलं, माझी मान आखडली. आणि वाऱ्याचंच काय घेऊन बसलात! झोपायचं कधी, हसायचं किती, माहेरी फोन करायचा की नाही, सगळं त्या खुर्चीवरूनच ठरायचं.

मग एके सकाळी तिने चिंगीचा हात धरला आणि घर सोडलं. एक खोली भाड्याने घेतली, लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं, घटस्फोटाचा अर्ज केला. सामान न्यायला आली तेव्हा बाबा म्हणाले, "तो खटाराही ने. नाहीतरी कुरकुरतो."

पहिल्याच सुट्टीला तिने मला फरशीवर घेतलं, पेचकसाने मागचं झाकण उघडलं आणि काळं पडलेलं वंगण खरवडायला लागली.

"आई, तुला येतं हे?"

"छे! पण बिघडलंच तर ओरडायला आहे कोण?"

दोघी पोट धरून हसल्या. नवं वंगण भरून तिने खुंटी दाबली. माझी मान करकरली, अडली, मग फिरली. चिंगी, आई, भिंत. भिंत, आई, चिंगी. दोघी फरशीवर आडव्या पडल्या, केस मोकळे सोडून. जेवणाची वेळ टळली तरी कुणी उठलं नाही. भूक लागली तेव्हा जेवल्या. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? ज्याला हे फुकट मिळतं, तो असंच म्हणतो.

कोर्टाची शेवटची तारीख जवळ आली तसे बाबा आले. सोबत तिचा थोरला भाऊ.

"अर्ज मागे घे गं," भाऊ म्हणाला. "पोरीला बाप नको का? किती ताणशील?"

"मी बदललोय," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ. "आता सगळं तू म्हणशील तसं."

चिंगी दाराला चिकटून उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं. आईचा चेहरा मला दर फेरीला दिसत होता. एका फेरीत घट्ट, पुढच्या फेरीत पाघळलेला.

"विचार करते," ती म्हणाली आणि पाणी आणायला वळली.

"काय उकडतंय!" म्हणत बाबांनी हात लांबवला आणि माझी खुंटी वर ओढली. मान थांबली. सगळा वारा त्यांच्यावर. आपण काही केलं, हे त्यांना कळलंसुद्धा नाही. ते बोलतच होते, "तू म्हणशील तसंच होईल बघ..."

ती हातात पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग पेला भावापुढे ठेवला, माझ्याजवळ आली आणि खुंटी दाबली.

"अगं, वारा..."

"फिरू दे. इथे तो सगळ्यांना मिळतो. पाळी आली की तुम्हालाही मिळेल." आवाज जराही चढला नव्हता. "चिंगीला भेटायला या. अर्ज मी मागे घेणार नाही."

"पंख्यावरून संसार मोडतेस?" भाऊ भडकला.

"दादा, मघाशी तो थांबला तेव्हा तुला घाम आला की नाही? तेवढंच सांग."

दादाचा रुमाल कपाळावरच होता. त्याने तो खिशात कोंबला.

तारखेला ती गेली आणि सही करून आली. त्या दिवशी चिंगीने मला सगळ्यात मोठ्या वेगावर लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, वेळेवर वंगण घाला, असं माझ्यासारखे सगळेच सांगतात. वंगण घालाच. पण आज जेवायला बसाल तेव्हा आधी बघा, पंख्याचं तोंड कुणाकडे आहे आणि घामाने भिजून तुम्हाला वाढतंय कोण. मग कुणाची परवानगी मागत बसू नका. उठा आणि खुंटी दाबा.