मधुरा पति सुमीत

चूक माझी होती. कोणी समजूत घालायला आलं की मला आणखी राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी भार्गवी, लॉच्या तिसऱ्या वर्षाला. उज्जैनच्या जिल्हा कोर्टात दर बुधवारी आम्ही विद्यार्थी पाहुण्यांना कोर्ट फिरवून दाखवतो. हिंदी-मराठी दोन्ही फर्राटेदार येतं म्हणून महाराष्ट्रातले पाहुणे नेहमी माझ्याच गळ्यात. त्या दिवशी धुळ्याच्या कॉलेजची बावीस पोरं होती, आणि मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही.

फॅमिली कोर्टाच्या दाराशी एका बाईने माझं मराठी ऐकून माझा हात धरला. जळगावहून बसने आली होती, सकाळीच नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरलेली. नवऱ्यापासून चार वर्षं वेगळी. सहा वर्षांची मुलगी केतकी बापाकडे, इथेच उज्जैनला. आता बापाला कॅनडात नोकरी लागली होती आणि पोरीला कायमचं न्यायला त्याने कोर्टाची परवानगी मागितली होती. विमान उद्या सकाळचं, मुंबईहून.

"माझे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत," ती म्हणाली. "मला म्हणाले, शपथपत्र नोटरी करून आण. पण तेवढ्यात पुकार झाला तर? वकील येताहेत, थोडं थांबा, एवढं तरी कोणी सांगायला हवं ना."

पक्षकारांच्या भानगडीत पडू नका, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण धरलेला हात ती सोडेना. "तुम्ही जा ताई, मी इथेच उभी आहे," मी म्हणाले. "नाव काय तुमचं?"

"जयश्री. जयू म्हणतात."

ती गेटबाहेर पळाली. मी केसचा नंबर विचारला नाही, नवऱ्याचं नाव विचारलं नाही. अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

दहा मिनिटांनी प्रभाकरभाऊ, म्हणजे पुकार करणारे चपरासी, दारात आले. "मधुरा पति सुमीत, हाजिर हो." तीनदा ओरडले. म्हणजे सुमीतची बायको मधुरा, इथे असंच पुकारतात. निळ्या शर्टातला एक माणूस वकिलासोबत आत गेला. बाई कोणी आली नाही.

"बघा, याला पुकार म्हणतात," मी पोरांना म्हणाले. "तीनदा हाक मारतात, नाही आलं कोणी तर काम एकतर्फी. लोकांना तारखेला यायचा कंटाळा, आणि मग बसतात रडत." पोरं हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जयूताई धापा टाकत परत आली. "झाला पुकार?"

"नाही हो. बसा आरामात." मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

अर्ध्या तासाने तिचे वकील आले, भिंतीवरची यादी बघितली आणि आत धावले. बाहेर आले ते डोक्याला हात लावूनच. "मधुराजी, आपका तो हो गया. परमिशन दे दी."

"मधुरा कोण?" मी विचारलं.

"मीच," जयूताई म्हणाली. "लग्नात ठेवलेलं नाव. त्यांचं घर सोडल्यापासून मी ते तोंडाने घेतलेलं नाही."

अर्ज नवऱ्याचा, तो सासरचंच नाव लिहिणार. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. मावसबहिणीच्या लग्नात ते ताट मी स्वतः धरलेलं. माझी आई माहेरची अलका आणि आमच्याकडे देवश्री. हिंदीवाल्या एखाद्या मुलीला हे सुचलं नसतं तर ठीक होतं. मला कसं सुचलं नाही?

मग मी काय काय केलं. या बाईला मीच पाठवलं, हाक मीच ऐकली, असं शपथपत्रावर लिहून दिलं. आमच्या कॉलेजच्या सरांनी कोर्ट दाखवायचा बॅज मागितला, तो काढून टेबलावर ठेवला. सुमीतला फोन लावला तर बंद. तो पोरीला घेऊन मुंबईच्या रस्त्याला लागला होता. जजसाहेबांनी लंचनंतर आमचा अर्ज घेतला, वाचला, आणि समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय आदेश बदलता येणार नाही म्हणाले. तारीख सोमवारची. इंदूरला वरच्या कोर्टात जाऊ म्हटलं तर वकिलांनी घड्याळ दाखवलं.

जयूताई पायरीवर बसली होती. वकिलांनी तिला सगळं हिंदीत समजावलं आणि ते निघून गेले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू मराठीत सांग."

"ताई, तुम्हाला कळलंय."

"कळलंय. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी तिच्या शेजारी बसले.

"केतकी उद्या सकाळी जाणार," मी म्हणाले. "सोमवारी आपण येऊ, पण ती इथे नसेल. तुमचं नाव पुकारलं तेव्हा मी दारातच उभी होते."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.