एका चेहऱ्यासाठी आलेली मी

मी पुटकुळ्यांवर लावायच्या औषधाची ट्यूब बोलतेय. हसू नका. माझं पोट पार खपाटीला गेलंय, शेपटीकडून वळ्या पडल्यात आणि टोपणही आता नीट बसत नाही. पण जे पाहिलं त्याने अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्म कारखान्यातला. यंत्राने पोटात जेल भरलं, शेपूट दाबून बंद केलं आणि खोक्यात घातलं. बोटीने फिजीच्या राजधानीत, सुव्याला आले, तिथून एका छोट्या दवाखान्याच्या कपाटात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली, ‘मेरेओनी’. कुणाचं तरी नाव अंगावर मिरवायचं, केवढी ऐट वाटली मला!

माझ्या पोटात जंतू मारणारं औषध आहे, पण ते चेहऱ्याच्या कातडीपुरतं. मला न्यायला आलेल्या पोरीला, म्हणजे मेरेओनीला, डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की सकाळ-संध्याकाळ पातळ थर सगळ्या चेहऱ्यावर लावायचा. सोबत दिलेलं दुसरं मलमही चुकवायचं नाही, कारण एकट्या हिला जंतू सरावतात आणि मग दाद देत नाहीत. फरक पडायला आठवडे लागतील, धीर धर. आणि तोंडाला खोबरेल चोपडणं आजपासून बंद.

हे शेवटचं ऐकून घरात गहजब झाला. मेरेओनीची उनाइसीआत्या गावात सगळ्यात चांगलं खोबरेल काढते. नदीकाठच्या दहा गावांत तिच्या तेलाचं नाव आहे.

“आमच्या तेलाने पुटकुळ्या? ती डॉक्टरीण कुठल्या गावची म्हणे?” आत्याने विचारलं आणि तेलाची बाटली अशी जवळ ओढली, जशी कुणी ती पळवणारच होतं.

आत्याचा मुलगा अपेनिसा, म्हणजे मेरेओनीचा आतेभाऊ. आतेमामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची आणि रागवायचं नाही, ही आमची रीतच. तो तिच्या तोंडाजवळ बोट नेऊन म्हणाला, “हिच्या गालावर सगळा फिजी आहे गं आई. ही बेटं बघ. आपलं गाव कुठलं, मेरे?” मेरेओनीने त्याला उशी फेकून मारली. पण मी पाहिलं, नंतर आरशासमोर तिचे डोळे भरून आले. चर्चच्या गाण्यात ती पहिल्या रांगेत असायची. त्या दिवसांत ती मागच्या रांगेत, सर्वांत उंच बाईच्या पाठीमागे उभी राहत होती.

मी मनाशी म्हटलं, पोरी, थांब. मी तुला पुन्हा पहिल्या रांगेत उभी करीन.

पण मला आमच्या गावाची खोड कुठे माहीत होती? इथे ‘केरेकेरे’ असा एक शब्द आहे. तो म्हणून कुणी काही मागितलं, की द्यायचं. मागणाऱ्याला लाज नाही आणि नाही म्हणणाऱ्याला तोंड दाखवायला जागा नाही. कोयता मागा, शर्ट मागा, शिजत ठेवलेला मासा मागा, मिळणार. शब्द गोड आहे, गावं त्यावर टिकली आहेत. पण मीसुद्धा मागितली जाईन हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पहिल्यांदा अपेनिसाने मला उचललं. मला वाटलं, दाढीच्या पुटकुळ्या असतील. त्याने मला डास चावलेल्या पोटरीवर फासलं! मग शेजारच्या एकीने तव्याचा चटका बसला म्हणून, एकाने रग्बीत ढोपर खरचटलं म्हणून. आणि एके दिवशी, सांगतानाही कसंतरी होतं, कुत्र्याच्या कानामागे. मी चेहऱ्यासाठी आलेली, आणि कुत्र्याच्या कानामागे! माझ्यावर नाव लिहिलंय, वाचा ना, असं मी ओरडले. ट्यूबचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

मेरेओनी कुरकुरली नाही. उरेल तेवढं ती नेमाने चेहऱ्यावर लावत राहिली.

मग एका दुपारी उनाइसीआत्या आली. अपेनिसाचं लग्न ठरलं होतं आणि आत्या लग्नाची चटई विणत होती. आमच्या चटया केवड्यासारख्या लांब काटेरी पानांच्या असतात. काठाचे काटे सोलायचे, पात भिजवायची, वाळवायची, मग विणायचं. आत्या आरामात टेकली, कमरेला गुंडाळलेला सुलू पायांवर नीट सारखा केला आणि म्हणाली, “केरेकेरे, मेरे. ती तुझी ट्यूब दे गं. पायात काटा गेलाय, थोडं लावते.”

“घे की आत्या,” मेरेओनी म्हणाली. बापाच्या बहिणीला का कुणी अडवतं?

आत्या मला घेऊन मागच्या खोपटात गेली, दार लोटलं आणि पायाचं फडकं सोडलं. मी हादरले. तळव्याला अंगठ्याखाली भोक पडलं होतं. भोकच म्हणते मी, ओरखडा नव्हे. कडेची कातडी पांढरी फटक, आत काय चाललंय दिसत नव्हतं, वास मात्र येत होता. आणि आत्याने त्यात बोट घातलं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिला दुखतच नव्हतं! तिला कितीतरी वर्षं शुगर होती, पाय बधिर झाले होते. काटा कधी रुतला हेही तिला कळलं नव्हतं.

तिने मला दाबलं आणि ते भोक माझ्या जेलने भरून टाकलं. अगं, मी वरवरची आहे, आत्या. मी एवढ्या खोल उतरत नाही. वरून माझा पापुद्रा धरला, की खाली काय सडतंय ते तुलाही दिसणार नाही. हे सगळं मी सांगितलं, पण तिने फडकं गुंडाळलं आणि मला आरशापाशी ठेवून दिलं.

ती रोज येऊ लागली. दवाखान्यात का जात नव्हती, ते ती एकदा खोपटात स्वतःशीच पुटपुटली. आमच्या गावातून पायाची जखम घेऊन सुव्याला गेलेली माणसं दोन पायांनी गेली आणि एका पायाने परतली होती. “पोराच्या लग्नात नाचल्याशिवाय मी पाय द्यायची नाही कुणाला,” ती म्हणाली. पाय वाचावा म्हणूनच ती तो लपवत होती.

मेरेओनीला शंका आली नाही असं नाही. आमच्याकडे घरात बसताना पाय झाकून बसतात, वडीलधाऱ्यांचे पाय कुणी निरखत नाही. तरी तिने एकदा धीर केला. “आत्या, बघू का मी काय झालंय ते?”

“मी औषध मागितलं,” आत्या म्हणाली. “तुझे डोळे नाही मागितले.”

 वास आला तर सगळ्यांना वाटे, भिजत घातलेल्या पातींचा असेल.

चटई काठापर्यंत आली त्या सकाळी आत्या आमच्याकडे बसून विणता विणता थरथरायला लागली. काहीबाही बोलू लागली, अपेनिसाला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. अपेनिसाने तिला उचललं, तेव्हा फडकं सुटून पडलं आणि घरातल्या सगळ्यांनी तो पाय पाहिला. बोटं काळी पडली होती. मेरेओनीने तोंडावर हात ठेवला. तिची नजर आधी पायाकडे गेली आणि मग माझ्याकडे आली. ती नजर मला अजून सोसवत नाही.

ट्रकने सुव्याला नेलं. आत्या वाचली, पण गुडघ्याखालून पाय गेला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मेरेओनीचा चेहरा साफ झाला! नशिबाची थट्टा म्हणतात ती ही. रविवारी चर्चच्या पायरीवर बायका तिची हनुवटी धरून म्हणायच्या, किती उजळलीस गं, कुठलं औषध, आम्हालाही दे. मेरेओनी हनुवटी सोडवून आत जायची. पहिल्या रांगेतली जागा तिला पुन्हा मिळाली, पण तिथे उभी राहिल्यावर तिच्या तोंडून सूर फुटला नाही.

लग्न पुढे ढकललं. आत्या कुबड्या घेऊन आमच्याच घरी आली, भिंतीला टेकून बसली आणि अर्धवट राहिलेली चटई पुढे विणू लागली. मेरेओनी तिच्यासमोर बसून खूप रडली. आत्या एवढंच म्हणाली, “तू दिलंस ते रीतीने दिलंस. मागणाऱ्यानेच झाकून मागितलं.” तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. पाय गेल्यापासून कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी लोसालिनी आली, आत्याची तरुणपणापासूनची मैत्रीण. चहा झाला, लग्नाच्या गप्पा झाल्या. मग लोसालिनीने मान खाली घालून म्हटलं, “केरेकेरे, मेरे. ती तुझी तोंडाची ट्यूब देतेस का जरा? पायाला बारीकसं लागलंय.”

मी गारठलेच. एवढं होऊन पुन्हा मीच! मेरेओनीचा हात माझ्याकडे अर्ध्यावर आला आणि थांबला. द्यावं तर काय होतं ते तिने पाहिलेलं, आणि न द्यावं तर गाव काय म्हणेल? 

“लोसा,” आत्या म्हणाली, “मलाही काही मागायचंय. केरेकेरे.”

“बोल की. तुला नाही म्हटलंय कधी मी?”

“पाय दाखव.”

लोसालिनी कानापर्यंत लाल झाली. “हे काय मागणं झालं? घरात माणसं आहेत, उनाइसी.”

“मी केरेकेरे म्हटलंय,” आत्या म्हणाली. “नाही म्हणणार आहेस?” आणि तिने स्वतःचा सुलू वर सरकवला. उरलेला तो आखूड पाय सर्वांसमोर उघडा झाला. “तुलाही शुगर, मलाही शुगर. मी झाकला. तू दाखव.”

 लोसालिनीने हळूच पाय पुढे केला. चारचौघांत असा पाय पसरणं आमच्याकडे उद्धटपणा, पण कुणी तोंड फिरवलं नाही. टाचेला भेगेत जखम होती, भोवती लाल सूज चढत होती. अपेनिसा उठून बाहेर गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

“मग ट्यूब देतेस ना?” लोसालिनीने उठता उठता विचारलं.

“नाही,” मेरेओनी म्हणाली. आमच्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. “ट्यूब नाही देणार. मी येते तुझ्याबरोबर.”

मी आता आरशापाशी पडून आहे. डॉक्टरीणबाईंनी मेरेओनीला मला बंद करायला सांगितलंय, उरलं असेल ते कुणाला देऊ नकोस म्हणूनही बजावलंय. मी जाईन आता कचऱ्यात, त्याचं मला दुःख नाही. फक्त एक विनवणी आहे. ज्याचं नाव माझ्यावर आहे त्याच्या चेहऱ्यावर मला लावा, सांगितलं तितकेच दिवस लावा. पण मला कशावरचंही पांघरूण करू नका.

परवा लोसालिनी परतली. ट्रकमधून स्वतः उतरली, पायऱ्या चढली आणि दारात उभी राहिली. उनाइसीआत्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती तिच्या पायांकडे बघत राहिली, एकाकडे, मग दुसऱ्याकडे. आणि मग हातातली चटई बाजूला ठेवून हमसाहमशी रडली.