डावखुऱ्या मास्तरांचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. लगेच नाक मुरडू नका. छपरावरचा नव्हे, तांब्याचा, आणि तोही चित्रं छापायचा. माझ्यावर एक शिंपी कोरलेला आहे. त्याचं चित्र आज कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे. त्या घरांत माझं पाऊल पडलेलं नाही, पण तिथला मान माझाही आहे असं मी समजतो. कोणी याला गर्व म्हणेल. म्हणू दे.

माझी मालकीण चित्रकार. वडिलांच्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत तिचं काम चालायचं. जाहिरातींची नोकरी सोडून तिने स्वतःची चित्रं स्वतः छापून विकायचं ठरवलं, तेव्हा धातूच्या दुकानदाराकडच्या ढिगातून तिने मला निवडलं. घासून घासून माझा आरसा केला. कागद फाटू नये म्हणून कडा कानशीने गोल केल्या. मग अंगभर मेणाचा थर दिला आणि त्यावर सुईने चित्र काढलं. जिथे सुई फिरली तिथलं मेण निघालं, आणि आम्लात बुडवल्यावर तिथेच आम्लाने मला खाल्लं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला आम्लाचे सोसावे लागले.

चित्र होतं तिच्या वडिलांचं, कापड बेतताना. त्यांना सगळे डावखुरे मास्तर म्हणत. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी त्या डाव्या हातावर किती छड्या मारल्या, पण हात काही बदलला नाही. पुढे शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी उजव्या हाताची कात्री पुढे केली. मास्तरांनी लोहाराकडून डाव्या हाताची करून घेतली. त्या कात्रीला ते कुणाला बोट लावू देत नसत.

आता आमच्या कामातली एक गंमत ऐका. पत्र्यावर जे डावं, ते कागदावर उजवं होतं. मालकिणीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुकानाच्या बोर्डावरची अक्षरं तिने आरसा समोर धरून माझ्यावर उलटी कोरली. आणि मास्तरांना मात्र समोर दिसले तसेच काढले! मी ओरडून सांगितलं असतं, पण तांब्याला वाचा कुठली.

तिने माझ्या रेघांत शाई भरली, वरची शाई तळहाताने पुसली, ओला कागद ठेवला आणि मला यंत्राच्या दोन रुळांमधून काढलं. एकेक करून तीस चित्रं दोरीवर वाळायला लटकली. काळीभोर, खणखणीत. चित्रं फ्रेम करून विकणारे फ्रेमवाले काका ती बघून खूश झाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दालनात प्रदर्शन होतं, त्यातली एक अख्खी भिंत त्यांनी तिला दिली.

दुपारी मास्तर चहाचा कप घेऊन वर आले. बराच वेळ बघत राहिले.

"झकास उतरलंय. बोर्ड तर अगदी सुबक. पण पोरी, हा कापतोय तो कोण?"

"काय चेष्टा करता, बाबा. तुम्हीच की."

मास्तरांनी कप खाली ठेवला. डावा हात वर करून दोन बोटं कात्रीसारखी चालवली. तिने हाताकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. चित्रात कात्री उजव्या हातात होती.

"राहू दे गं," मास्तर हसून म्हणाले. "गुरुजींना जे जमलं नाही, ते तू केलंस."

आणि अर्धा चहा तसाच टाकून ते खाली गेले. मित्रांनो, आम्लाने मी इतका पोळलो नव्हतो.

फ्रेमवाल्या काकांनी तिला खूप समजावलं. "अहो ताई, कुठल्या हाताने कापतोय हे बघायला कोण येणार आहे?"

"ज्याचा हात आहे तो येणार आहे," ती म्हणाली.

प्रदर्शन तोंडावर आलेलं, नोकरी सोडलेली, आणि भिंत रिकामी. तरी तिने तीसही चित्रं दोरीवरून काढली. ती फाडायला निघाली तर मास्तरांनी हात धरला. एवढा जाड कागद वाया घालवायचा नाही, म्हणाले. डाव्या हाताने कराकरा कापून त्यांनी त्याचे कॉलरचे नमुने केले.

मग तिने मला पुन्हा हातात घेतलं. बोर्डाची उलटी अक्षरं खरवडून, घोटून साफ केली आणि सुईने सुलटी कोरली. युक्ती अशी की माझ्यावरून चित्र छापायचं, शाई ओली असतानाच त्यावर दुसरा कोरा कागद ठेवायचा आणि दोन्ही पुन्हा रुळांतून काढायचे. उलट्याचं पुन्हा उलट, म्हणजे सुलट. एका चित्राला दुप्पट मेहनत, दुप्पट कागद, आणि ते येणार फिकट. पहिलं चित्र उचललं तेव्हा मास्तर शेजारी उभे होते.

"हां," ते म्हणाले. "हा मी."

प्रदर्शनात काका कुरकुरले, फारच फिकट म्हणाले. पण फिकट असल्यामुळे लोकांना जवळ यावं लागे, आणि जवळ आलं की हात दिसे. यात विशेष काय, असं कोणी विचारलं की इस्त्रीच्या शर्टातले मास्तर नुसता डावा हात वर करत. भिंत रिकामी झाली, ती विकून.

आता काकांना आणखी हवी होती, गडद, पहिल्यासारखी. "पत्रा आहे ना तुमच्याकडे?" पण तिने चित्रांखाली पेन्सिलने लिहून दिलं होतं, अशी फक्त तीसच छापली जातील. शब्द दिला की आमच्यात एक रीत असते. संख्या भरली की पत्र्यावर आडवी रेघ ओढायची, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येत नाही. तिने सुई उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. पहिलंच चित्र, त्यात वडिलांचं.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "कापायचं काम माझं."

डाव्या हाताने त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. ती त्यांच्याच तोंडावरून गेली, तरी सुई अडखळली नाही. इतकी सरळ रेघ माझ्या अंगावर दुसरी नाही. मला तिचा अभिमान वाटतो.

मित्रांनो, आम्हा पत्र्यांवर शाई वाळू देऊ नका. काम झालं की पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि चित्र कुणाचंही काढा, पण विकण्याआधी ज्याचं आहे त्याला दाखवा. तो "हा मी" म्हणाला, की मग खुशाल किंमत सांगा.