सोंगाचा रिपोर्ट

त्याने बायकोचं मनगट पिरगाळलं आणि तिला प्रयोगशाळेच्या खिडकीवर आदळलं. काच तडकली. तिने मोकळ्या हाताने पोट धरलं. गर्भपिशवी काढून जेमतेम दहा दिवस झाले होते.

"रिपोर्ट हवाय म्हणे! बारा वर्षं हिची सोंगं बघतोय मी!"

आत डॉक्टरीणबाई दुसऱ्याच कुणाच्या पिशवीचे काप करत होत्या. त्या सुरीसकट बाहेर आल्या. असल्या नवऱ्यांची त्यांना मनस्वी चीड होती आणि ती लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"हात सोड आधी तिचा."

त्याने सोडला. लाजेने नव्हे, सुरी बघून.

काढलेला अवयव ठेवलेली बरणी पेशंटला दाखवायची नसते. बाईंनी ती आणून खिडकीत ठेवली. औषधी पाण्यात तिची पिशवी मधोमध चिरलेली होती. भिंत दुपटीने जाड, आणि तिच्यात जागोजागी रक्ताचे काळे ठिपके.

"नीट बघ. पिशवीचं अस्तर भिंतीच्या मांसात घुसलंय. दर महिन्याला आतल्या आत रक्त यायचं, बाहेर पडायला वाटच नाही. जीव नकोसा होतो माणसाला. इतकी वर्षं ही उभी कशी राहिली, देव जाणे! आणि म्हणे सोंग!"

बाईंनी रिपोर्ट तिच्या हातात दिला. त्याने तो हिसकावून टराटरा फाडला आणि तिच्या थोबाडीत ठेवून दिली. तिचा ओठ फुटला. सिक्युरिटीवाल्याने धावत येऊन नवऱ्याला मानगूट धरून भिंतीशी दाबलं. तिथूनही त्याच्या शिव्या चालूच होत्या.

ती रडली नाही. मनगटाने रक्त पुसून म्हणाली,

"बाई, अजून एक प्रत निघेल?"

"हव्या तेवढ्या काढते. पोलिसांना द्यायचीय ना?"

"त्यांना ओठ दाखवते. प्रत मुलीसाठी हवीय." तिने बरणीवर हात ठेवला. "पाळी सुरू होऊन चारच महिने झालेत तिला. पोट धरून गडाबडा लोळते. काल यानं तिला लाथ घातली, सोंग करते म्हणून."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प बसले असते तर बरं झालं असतं, बाई." तिने बरणीवरचा हात काढून घेतला. "ऊठ, सोंगं पुरे झाली, असं मीच म्हणाले तिला. याच्याही आधी."

बाईंनी सुरी खाली ठेवली आणि प्रिंटर सुरू केला.