बावीची दुपारची झोप

गोडदेव गावच्या सरूबाईंनी आमच्या दोन्ही बिल्डिंगना जमीन विकली, पण मधली विहीर विकली नाही. "वापरा, पन दुपारी बारा ते चार बावीला झोपू द्या," एवढीच त्यांची अट. त्या चार तासांत विहिरीचं पाणी पुन्हा वर चढायचं, म्हणून दहा वर्षं दोन्ही सोसायट्यांनी ती पाळली.

मग समोरचे सेक्रेटरी हितेशभाई यांनी गाड्या धुवायला पाईप लावला. आमच्याकडे सेक्रेटरी मी. आमच्या गाड्यांनी काय घोडं मारलं होतं? मीही लावला. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं, तेव्हा मला वाटलं, हितेशभाई दुपारी गुपचूप मोटर चालवतात. त्यांना वाटलं, मीच चालवतो. खरं तर तोवर कोणीच चालवत नव्हतं. पण आपण सज्जन राहायचं आणि पाणी दुसऱ्याने न्यायचं, हे काही मला झेपेना. मी एक वाजता मोटर सुरू केली. दोन मिनिटांत त्यांचीही सुरू झाली. माझा संशय खरा ठरला, याचं मला कोण समाधान वाटलं.

सरूबाई काठी टेकत आल्या.

"सेक्रेटरी, वीस तारखेला माझ्या नातीची, समिधाची हलद हाय. आमच्या घरची नवरी बावीच्याच पान्यानं न्हाते. तवर तरी दुपारची मोटर बंद ठेवा."

"आजी, विहीर केवढी खोल आहे."

"खाडीबी लांब न्हाय," त्या म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारी विषय बदलतेय.

वीस तारखेला हळद लागली, बादल्या भरल्या. समिधाच्या हातावर साबण चोळला, तर फेस येईना. मावश्यांनी साबणाला नावं ठेवली, दुसरी वडी आणली. तीही तशीच. सरूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. गोडं पाणी आम्ही उपसून संपवलं होतं, त्या जागी खाडी आत आली होती.

नवरी टँकरच्या पाण्याने न्हाली. मला पंगतीत बसायची लाज वाटत होती. हितेशभाई पुढे झाले.

"माँजी, आज से दोनों मोटर बंद. थोडे दिन में पानी ठीक हो जाएगा."

सरूबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

"माझ्या सासऱ्याचं मिठागर व्हतं. पान्याचं मीठ करायला आमाला एक उन्हाला पुरायचा. मिठाचं पानी कवा व्हतं, त्ये तुमी शिकलेली मानसं सांगा."