हेडबाईंची लीद

बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई निवृत्त होऊन भावाच्या तबेल्यावर राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी तिनं घोड्यांच्या सगळ्या बादल्या घासून उन्हात पालथ्या घातल्या. भाऊ बायकोला म्हणाला, "आता आपली धडगत नाही." वहिनी नुसती हसली. नणंद तिला पहिल्यापासून आवडायची, आणि बादल्या घासायला कुणी मिळालं याचं तिला मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

घरात ती ताई होती, बाहेरच्यांना सिस्टर. तबेल्यात सात जनावरं होती. लोक तिथं घोडेस्वारी शिकायला येत. ताईला घोड्यावर बसायची हौस नव्हती. तिला फक्त कुणाचं तरी करायची सवय होती, आणि ती सवय काही निवृत्त झाली नव्हती.

वसंताच्या सुरुवातीला तपकिरी घोडी व्यायली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, आईला लुचलं, चीक पोटभर प्यायलं. पण घोडीला आतून रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना. ताईनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "रडून घे. पिल्लाचं मी बघते."

आणि तिनं बघितलं, अगदी डोळ्यांत तेल घालून. दुधाची पावडर मोजून, पाण्याचं तापमान बघून, उकळलेल्या बाटलीतून दूध. शिंगराची खोली वेगळी. दारात चपला काढायच्या, हातमोजे घालायचे. जमीन दिवसातून दोनदा फिनेलनं धुतलेली. भाऊ एकदा चिखलाच्या बुटांनी आत शिरला, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उलट्या पावली बाहेर गेला. "माझाच तबेला आहे गं," तो बाहेरून म्हणाला. "बूट काढ, मग तुझा," ताई म्हणाली.

तीन आठवडे सरले, पण शिंगरू अंग धरेना. केस राठ, पाय काटक्या, पोट मात्र मडक्यासारखं. त्यात पातळ शी होऊ लागली. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. ताईनं बाटल्या आणखी दहा मिनिटं जास्त उकळायला सुरुवात केली.

शेजारच्या खोलीत हेडबाई असायच्या. एकवीस वर्षांची करडी घोडी, तबेल्यातली सर्वांत वडीलधारी. नवशिक्यानं लगाम चुकीचा धरला तर जागची हलायची नाही, म्हणून हे नाव पडलं होतं. तिला एकेरी हाक मारायची कुणाची छाती नव्हती. दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्या होत्या आणि खालची फळी थोडी तुटकी होती. एका सकाळी ताई बाटली घेऊन आली तर शिंगरू गुडघे टेकून त्या फटीत मान घालून बसलेलं. ओढून बाहेर काढलं तर तोंडाला हेडबाईंची लीद, आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

"शी! असलं खातात का रे?" ताईनं त्याचं तोंड पुसलं, फटीवर फळी ठोकून घेतली आणि डॉक्टरांना फोन केला.

जनावरांच्या डॉक्टर दुपारी आल्या. पन्नाशीची, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. त्यांनी ताप पाहिला, पोटाला नळी लावून ऐकलं, शीचा नमुना नेला. दोन दिवसांनी पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, "रोगजंतू नाहीत, जंतही नाहीत. खरं म्हणजे फारसं काहीच नाही, आणि तीच अडचण आहे."

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"हे लीद खायला जातं का?"

"एकदा गेलं होतं. मी फट बंद केली."

डॉक्टर उलट्या बादलीवर बसत म्हणाल्या, "सिस्टर, घोडा गवत स्वतः पचवत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात, ते पचवून देतात. शिंगरू जन्मतं तेव्हा ती जागा जवळजवळ रिकामी असते. आईच्या अंगावरून, सडावरून काही मिळतात, आणि मग ते आईची लीद खातं. सगळी शिंगरं खातात. घाण म्हणून नाही, बियाणं म्हणून. जिवाणू आत रुजले की आतडं वाढतं, त्याचं अस्तर घट्ट होतं, वाईट जंतूंना बसायला जागा उरत नाही. याला आई नाही. आणि तुम्ही..."

"आणि मी फिनेल," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यात दोष देणं नव्हतं. तरी संध्याकाळी ताई ओट्याशी उभी राहून बराच वेळ एकच बाटली धूत राहिली.

"बत्तीस वर्षं मी जंतू मारले," ती वहिनीला म्हणाली. "त्यावर माणसं जगली. इथं त्याच हातांनी पिल्लू उपाशी ठेवलं."

वहिनीनं तिच्या हातातली बाटली काढून घेतली. "ताई, तिथं तुमच्यासमोर पोट उघडं असायचं. इथं पोट बंद आहे. काम बदललं की रीत बदलते. आणि तुम्ही नसतात तर ते तिसऱ्या दिवशीच गेलं असतं."

डॉक्टरांनी हेडबाईंना पसंत केलं. आयुष्यात कधी पोट बिघडलं नाही असं तबेल्यात तेच एक जनावर होतं. लीद आधी तपासली, जंत नव्हते. मग ताई कामाला लागली, ती अर्थात तिच्या पद्धतीनं. लीद ताजी हवी, म्हणून सकाळी सहाला ती घमेलं घेऊन हेडबाईंच्या मागे उभी. हेडबाई मागे वळून तिच्याकडे बघायच्या आणि मुद्दाम वेळ लावायच्या. मग लीद कोमट पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची आणि सुईविना पिचकारीनं शिंगराच्या गालात सोडायची. फडकं मात्र उकळलेलं. भाऊ दारातून म्हणाला, "ताई, उकळलेल्या फडक्यातून शेण गाळणारी जगात तू एकटीच असशील."

"लीद," ताई म्हणाली. "शेण गाईचं."

पाच दिवस पिचकारी झाली. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ताईनं ठोकलेली फळी स्वतः उपटली आणि रोज मूठभर ताजी लीद खोलीच्या कोपऱ्यात ठेवू लागली. पहिल्या दिवशी शिंगरू ती खात होतं तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहिली. चौथ्या दिवशी किती खाल्ली हे वाकून बघत होती. फिनेलची बाटली न्हाणीघरात गेली, दुधाचं प्रमाण डॉक्टरांनी थोडं बदललं आणि शेजारी मऊ गवताची पेंढी आली.

नवव्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "गोळे झाले." भाऊ नाश्ता करत होता. त्यानं ताट बाजूला सारलं आणि दोघं नवरा-बायको तिच्यामागून बघायला गेले. लहानसे, घट्ट, नीट बांधलेले गोळे होते. तिघं त्यांच्याभोवती उभे राहिले, जणू घरात कुणी परीक्षा पास झालं होतं.

दीड महिन्यात पोट आत गेलं, केस गळून खाली चकचकीत काळे आले. डॉक्टर फितीनं छातीचा घेर मोजून म्हणाल्या, "लिदीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. दूधही बदललं होतं, वयही वाढलं. पण मला विचाराल तर लिदीनं."

शिंगराला हेडबाईंबरोबर कुरणात सोडायचं ठरलं. हेडबाई लाथ मारतील अशी भावाला धास्ती होती. त्यांनी शिंगराला हुंगलं, कान मागे पाडले, एकदा दात दाखवले आणि चरू लागल्या. शिंगरूही शेजारी उभं राहून, पुढचे पाय फाकवून, त्यांच्यासारखंच गवत तोडू लागलं. आधी नुसतं चघळलं, मग गिळलं.

थोड्या वेळानं ते उन्हात आडवं झालं. पोट संथपणे वरखाली होत होतं. हेडबाई त्याच्या डोक्याशी सावली करून उभ्या होत्या, बहुधा चुकून. ताई कुंपणावर कोपरं टेकून बघत राहिली. पुढचं दूध पाजायला अजून दोन तास होते, आणि तोवर तिला करायला काहीच नव्हतं. तिला ते आवडलं.