शुक्रवारी सांगायचं वचन

आमच्या प्रार्थनामंडळात बायबलमधल्या वचनाचा अर्थ कुणी सांगत नाही. अर्थ पाळकसाहेब रविवारी सांगतात. आमच्याकडे ज्याची पाळी, त्याने ते वचन आठवडाभर पाळायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी काय केलं तेवढं बोलायचं. माझ्या वाट्याला आलं, एकमेकांची ओझी वाहा.

सोपं वाटलं. बाळ सात महिन्यांचं, तरी मी कंबर कसली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची पिशवी जिन्यात घ्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "अगं, सोड. कडेवर पोर, खांद्याला झोळी, तुला कोण उचलणार?" जावेला फोन करून काही मदत हवी का विचारलं, तर ती सावध झाली. "का गं? काय हवंय तुला?"

शुक्रवार उजाडला, तरी माझी पाटी कोरी. त्यात सकाळीच सासूबाईंनी बॅग भरायला काढली.

"उद्या लेकीकडे जाते. तिथे निदान भांडी तरी घासू देतात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाळाच्या लाळेऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. बाळ सांभाळायला म्हणून त्या आल्या होत्या, आणि इतक्या दिवसांत मी ते एकदाही त्यांच्या हातात दिलं नव्हतं. त्यांचे हात थरथरतात. कपातला चहा बशीत सांडतो. बाळ निसटलं तर? तोंडाने मी कधी नाही म्हटलं नाही, पण सबबींना माझ्याकडे तोटा नव्हता. अंघोळीला जातानासुद्धा त्याला पाळण्यासकट दाराशी ओढून न्यायचे.

दुपारी बाळ मांडीवर, आणि मी एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत होते. घातलेली घडी ते विसकटत होतं. समोर सासूबाई हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. आठवडाभर मी लोकांची ओझी शोधत दारोदार फिरले, आणि माझ्या ओझ्याला मात्र घरातल्या माणसालाही हात लावू दिला नाही. हे लक्षात आलं, म्हणजे आता हात लावू द्यावा लागणार होता.

"आई, संध्याकाळी मंडळाला मी एकटीच जाऊ का?"

"आणि हा?"

"तुमच्याजवळ."

त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "उभ्याने नाही घ्यायची मी. खाली गादीवर बसून घेईन. गादीवरून कुठे पडणार?"

इतकं साधं, आणि मी विचारलंच नव्हतं.

मंडळात फोन सारखा उलटासुलटा करत बसले. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारलं, "हं, बोल. काय केलंस?"

"बाळाला सासूबाईंकडे ठेवून आलेय."

"अगं, म्हणजे उलट त्यांच्यावरच ओझं टाकलंस की!" सगळ्या हसल्या.

"हो," मी म्हटलं. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे चपलांवर. आमेन झालं न झालं तोच मी निघाले.

जिन्यातच बाळाचं रडणं ऐकू आलं, घसा ताणून. मी धावत वर गेले, कडीला हात घातला, आणि आतून सासूबाईंचा आवाज आला. "रड, रड. तुझ्या बापानेही असाच जीव खाल्ला होता माझा."

मी हात मागे घेतला. पायरीवर बसले. रडणं थांबलं, तशी मला आणखीच धडकी भरली. जमेल तितका वेळ बसून राहिले. फार जमलं नाही.

आत भिंतीला टेकून त्या गादीवर बसल्या होत्या. तो मांडीत झोपलेला. त्यांचे हात थरथरतच होते आणि त्या थरथरीने तो किंचित हलत होता, पाळण्यात असल्यासारखा.

"आता रोज संध्याकाळी हा माझ्याकडे," त्या कुजबुजल्या. "तू जरा आडवी हो."

"हो, आई," मी म्हटलं, आणि त्याची छाती वरखाली होतेय ना, ते बघत तिथेच उभी राहिले.